हिशेबात न धरलेले दुखणे

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि आमच्या कापड दुकानाचे शटर खाली आले. लग्नसराईचा माल नुकताच भरला होता. माझे थोरले बंधू, ज्यांना सारे घर दादा म्हणते, ते रात्री दोनला उठून उधारीची वही काढून बसू लागले. बेरीज बरोबर असे, तरी ते ती पुन्हा मांडीत.

ऑगस्टमध्ये त्यांचे जिवलग व्यापारी मित्र साथीत गेले. अंत्यदर्शनही घडले नाही. पुढे दुकान उघडले, पण दादा गल्ल्यावर बसेनात. आम्ही त्याला ‘धंद्याची काळजी’ म्हणत राहिलो. खरे कारण निराळे होते. पुतणीचे लग्न जमवायचे होते. मनोविकारतज्ज्ञांच्या दारात कोणी पाहिले तर? या लपवाछपवीत चार महिने गेले.

एके दिवशी दादा वहिनींना म्हणाले, “मी नसलो तर विम्याच्या पैशांत देणी फिटतील.” त्याच संध्याकाळी आम्ही डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी दादांना थेट विचारले, “जीवन संपवावेसे वाटते का?” मी दचकलो. दादा मात्र कित्येक महिन्यांनी रडले. असे विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट ओझे उतरते, हे मला तेव्हा कळले. सूर्यास्तानंतर काही न घेण्याचा दादांचा नियम ऐकून डॉक्टरांनी गोळी सकाळी ठेवली. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतील आणि बरे वाटले तरी औषध आपल्या मनाने बंद करायचे नाही, हे त्यांनी बजावले. झोपेची वेळ ठरली, बातम्या दिवसातून एकदाच, सकाळी फिरणे आणि दुकानात रोज एक तास. देणेकऱ्यांशी बोलून हप्ते बांधून घेण्याचे काम मी अंगावर घेतले.

साथीच्या पहिल्या वर्षी जगभरात चिंता आणि नैराश्याचे विकार सुमारे २५ टक्क्यांनी वाढले, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सांगितले. म्हणजे दादा एकटे नव्हते. एकटे आम्ही त्यांना पाडले होते. आज १४४१६ या ‘टेलिमानस’ क्रमांकावर रात्रंदिवस, मराठीतूनही, विनामूल्य बोलता येते.

पुतणीचे लग्न पुढे थाटात झाले. सोयऱ्यांना आम्ही दादांच्या आजाराविषयी आधीच सांगितले होते. व्याह्यांनी एवढेच विचारले, “आता झोप लागते ना त्यांना?”