ञ ञोकीचा

मराठी मुळाक्षरांत 'ञ' हे अक्षर कशासाठी ठेवलं आहे, हा प्रश्न मला पहिलीत असताना पडला होता. भिंतीवरच्या तक्त्यात क कमळाचा होता, ग गवताचा होता. 'ञ'च्या चौकोनात मात्र चित्रच नव्हतं. गुरुजींना विचारलं तर त्यांनी उत्तरादाखल माझा कान पिळला. पुढे एकतीस वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी केली, हजारो कागद खरडले, पण 'ञ'वाचून एकाही कागदाचं अडलं नाही. त्या प्रश्नाचं उत्तर मला वयाच्या ७२व्या वर्षी मिळालं. तेही अमरावतीत, राजापेठेतल्या माझ्याच स्वयंपाकघरात, दोन्ही हात कोपरापर्यंत मैद्यात असताना.

त्याचं असं झालं. आमची ही गेल्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून रोज रात्री साडेआठला पुण्याहून चिरंजीवांचा फोन येतो. "बाबा, जेवलात का?" मी "हो" म्हणतो. हे 'हो' सरकारी असतं. म्हणजे काम झालेलं नसतं, पण नोंद झालेली असते. दिवाळीत चिरंजीव आले आणि त्यांनी फ्रीज उघडला. आत खानावळीचे तीन दिवसांचे तीन डबे, तिन्ही न उघडलेले. माझी तीस वर्षांची गोपनीय फाईल कोणी उघडली असती तरी मी इतका ओशाळलो नसतो. त्या दिवसापासून टुमणं सुरू झालं, "बाबा, आता पुण्याला चला."

पुण्याला मुलाचं घर सातव्या मजल्यावर आहे. घर चांगलं आहे, सूनबाई त्याहून चांगल्या आहेत. पण तिथे लिफ्टमध्ये मी एका गृहस्थांना सहज "काऊन जी, बरं हाये ना?" म्हणालो, तर ते मागच्या भिंतीला चिकटले. इथे राजापेठेत सकाळी बदनेऱ्याच्या गाडीची शिट्टी ऐकली की मी उठतो, संध्याकाळी अंबादेवीपर्यंत पाय मोकळे करून येतो, आणि वाटेत किमान सहा माणसं माझ्या गुडघ्याची चौकशी करतात. पुण्यात माझा गुडघा कोणाच्याही ओळखीचा नाही.

शेवटी चिरंजीवांनी कळवलं, "२९ तारखेला सगळे येतोय. तुम्हाला घेऊनच जाऊ." मला राग आला. मी म्हणालो, "या की! जेवायलाच घालतो तुम्हाला! स्वतःच्या हाताने!"

तिकडे फोन नातीने ओढून घेतला. वय वर्षं नऊ. "आजोबा, मग न्योकी करा ना! चिकनची, क्रीमवाली. एकाच पॅनमध्ये होते."

'एकाच पॅनमध्ये' हे शब्द ऐकून मी विरघळलो. घरातली भांडी घासणारा इसम मीच आहे. कृती मोबाईलवर आली. इंग्रजी अक्षरं जुळवून मी वाचलं, "ग्नोच्ची." नात हसून हसून पलंगावरून पडल्याचा आवाज आला. "ग्न नाही हो आजोबा! जीभ टाळूला लावा आणि नाकातून म्हणा." मी जीभ टाळूला लावली, नाकातून म्हणालो, आणि काय आश्चर्य! तो 'ञ' होता! पासष्ट वर्षांपूर्वीच्या रिकाम्या चौकोनात चित्र उमटलं. ञ ञोकीचा!

हा पदार्थ इटलीचा. उकडलेल्या बटाट्यात मैदा मिसळून केलेले पेराएवढे गोळे. नावाचा अर्थ काही जण लाकडातली गाठ असा लावतात, काही जण बोटाचं पेर असा. बटाटा युरोपात पोचला सोळाव्या शतकात, दक्षिण अमेरिकेतून. त्याच्या आधी हे लोक नुसत्या पिठाचे नाहीतर रव्याचे गोळे करत. आपल्याला बटाटा पोर्तुगिजांनी दिला आणि 'बटाटा' हा शब्दही त्यांचाच. वऱ्हाडाने बटाटा घेतला, शब्द परत केला. पुण्यातला बटाटेवडा बदनेऱ्यापर्यंत येईस्तोवर आलुबोंडा होतो.

तर मी अर्धा किलो आलू आणले, सोलून, चिरून, भरपूर पाण्यात उकडले, मैदा घातला, गोळे केले आणि उकळत्या पाण्यात सोडले. दोन मिनिटांनी पाहिलं तर गोळे नाहीत. पाणीही नाही. पातेल्यात पतंग चिकटवायची उत्कृष्ट खळ तयार होती. दुसऱ्या दिवशी धडा घेऊन मैदा दुप्पट केला आणि पैलवानासारखा मळला. या खेपेचे गोळे विरघळले नाहीत. ते कशानेच काही झाले नसते. उत्तर इटलीत अशाच एका गोळ्याच्या प्रकाराला 'भटजीचा गळा दाबणारे' अशा अर्थाचं नाव आहे. माझ्या गोळ्यांनी यजमानांसकट पंगत गार केली असती.

तिसऱ्या दिवशी आवाज ऐकून शेजारच्या वहिनी डोकावल्या.

"काऊन जी भाऊजी, काय कुटून राह्यले?"

मी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी एक आलू हातात घेऊन पाहिला. "हा तं नवा आलू हाये. याच्यात पाणीच रायते. जुना आणा. आन् सोलू नका, सालीसकट अख्खा उकडा. गरम असतानीच किसा, वाफ जाऊ द्या. मैदा पाव हिस्सा, बस्स. आन् मळू नका जी, नुसतं गोळा करा."

मग एक गोळा बोटावर फिरवून त्या म्हणाल्या, "नवा कंगवा हाये काय घरात?" कंगव्याच्या दात्यांवरून त्यांनी अंगठ्याने गोळा असा घसरवला की त्यावर सुबक रेघा उठल्या. इटलीत हेच काम काट्याने करतात. रेघांत रस धरून राहतो म्हणून. "लग्नात गव्हले, नखुल्या, मालत्या करतो ना आपण," वहिनी म्हणाल्या, "हे त्याईचेच जाडे भाऊ." आणि जाता जाता उंबऱ्यावरून, "उकळत्यात सोडा. वर आले का झाले. वरणफळं करत नव्हत्या काय वहिनी? तसंच."

वरणफळं! उकळत्या वरणात कणकेचे तुकडे सोडायचे, एकाच गंजात अख्खं जेवण. पाऊस लागला की आमच्याकडे दुसरं काही होत नसे. इतकी वर्षं मी इटालियन जेवत होतो आणि मला कोणी सांगितलं नव्हतं.

२९ तारीख उजाडली. कोंबडीवाल्याकडे बिनहाडाची मागितली तर तो म्हणाला, "बिनहाडाची? मंग रस्स्याले चव कुठून येईन, काका?" चव सायीतून येणार आहे, असं मी त्याला सांगितलं नाही. राजापेठेत मला अजून राहायचं होतं.

घरी आल्यावर माळ्यावरून जर्मनची मोठी कढई काढली. ही माळकरी. कोंबडी स्वतः खात नसे, पण मला आणि मुलाला मागच्या पडवीत करून वाढायची. त्यासाठी ही कढई वेगळी. घरातल्या सगळ्या भांड्यांवर तिचं नाव कोरलेलं आहे, फक्त या एका कढईवर माझं. पुढेमागे वर हिशेब झाला तर घोटाळा नको म्हणून. दोन वर्षांची धूळ धुताना माझंच नाव मला उगाच पुसट दिसलं. कांदा नंतर चिरला, हेही नमूद करतो.

मग लोण्यावर कोंबडीचे तुकडे परतून बाजूला काढले. त्याच कढईत कांदा, लसूण, चमचाभर मैदा, पाणी, मिरपूड. आच मंद करून घोटलेली साय. सायीत मैदा असला की ती सहसा फाटत नाही. मात्र सवयीने लिंबू पिळू नये. हे ज्ञान मला आदल्या दिवशी एक वाटी साय फेडून मिळालं होतं. मग ञोकी सोडले, झाकण ठेवलं, पाच मिनिटांनी कोंबडी आणि मूठभर पालक. 'एकाच पॅनमध्ये' होणाऱ्या या पदार्थाला एकूण अकरा भांडी लागली.

पानं मांडताना नातीने प्रत्येक ताटाखाली दहाची नोट ठेवली. अर्जेंटिनात दर महिन्याच्या २९ तारखेला ञोकी करतात म्हणे. पगाराआधी खिसे रिकामे, आणि बटाटा-मैदा स्वस्त. ताटाखाली पैसे ठेवले की बरकत येते. सूनबाईंनी भर घातली, की जो सरकारी नोकर फक्त पगार घ्यायला २९ तारखेला कचेरीत उगवतो, त्याला तिथे 'ञोकी'च म्हणतात. मी पाणी प्यायलो.

नातीने पहिला घास घेतला. "आजोबा, हे बरोबर न्योकीसारखं नाहीये." थांबली. "पण अजून वाढा."

चिरंजीव काही बोलले नाहीत. दोन घास खाऊन उठले आणि सरळ स्वयंपाकघरात गेले. मला वाटलं, संपलं, आता बॅग भरायला हवी. आतून तेल तापल्याचा आणि लसूण तडतडल्याचा आवाज आला. चिरंजीव पळीत लालभडक फोडणी घेऊन आले आणि त्या पांढऱ्याशुभ्र ञोकीवर त्यांनी ती चर्रकन ओतली. लहानपणी वरणफळांवर आईकडून अशीच ओतून घ्यायचे. मग कढई पुढ्यात ओढून पोळीच्या तुकड्याने पुसून खाल्ली. माझ्या नावापर्यंत.

दोन दिवसांनी ते पुण्याला गेले. बॅगा जेवढ्या आणल्या होत्या तेवढ्याच परत नेल्या. माझ्या बॅगेचा विषय कोणी काढला नाही.

त्या रात्री साडेआठला फोन आला. नेहमीचा प्रश्न येणार म्हणून मी सवयीने 'हो' तयार ठेवला होता.

"बाबा, आज काय केलंत?"

"वरणफळं," मी म्हणालो. ही नोंद सरकारी नव्हती. कढई अजून गॅसवरच होती.