आमची जुनी होडी

मुलांनो, तुम्ही कधी एखाद्या होडीचा निरोप घेतला आहे का? मी घेतला आहे.

आमचे घर रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराजवळ. आमची होडी लहान, लाकडी होती. लाटेत कलंडू नये म्हणून तिच्या एका बाजूला उलांडी बांधलेली असे. पहाटे निघायचे आणि दुपारी परतायचे, एवढाच तिचा प्रवास. पावसाळ्यात अब्बा तिला किनाऱ्यावर ओढून मुशीचे तेल लावत. मीही मदत करी. त्या तेलाचा वास दोन-दोन दिवस हातांना येई. शाळेत मुले नाक दाबत!

पुढे किनाऱ्याजवळ मासळी कमी झाली. चार-पाच दिवस खोल समुद्रात राहायचे, तर बर्फ आणि डिझेल ठेवायला मोठी बोट हवी. अब्बांनी ती घ्यायचे ठरवले. त्यासाठी होडी विकावी लागली.

खाडीपलीकडचा एक माणूस ती न्यायला आला. पैसे घेण्याआधी अब्बा म्हणाले, "भाई, मागच्या फळीतून थोडे पाणी येते. फटीत कापूस भरून घ्या." त्याने लगेच किंमत कमी केली. अब्बा काही बोलले नाहीत.

होडी निघाली तेव्हा मी तिच्या काठावरून हात फिरवला. तेलाचा तोच वास! त्या रात्री मी हात न धुताच झोपलो.