दूरच्या पडद्यावरचे चित्र

वाङ्मयाच्या अध्यापकांना कारखान्यात काय काम, असा प्रश्न वाचकांना पडणे साहजिक आहे. आम्हा उभयतांनाही तो पडला होता. परंतु नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्या भाच्याच्या आग्रहाखातर गेल्या उन्हाळ्यात आम्ही तिथे गेलो आणि परतताना एक अपराधी जाणीव बरोबर घेऊन आलो.

तिथे औषधांच्या बाटल्यांची झाकणे पट्ट्यावरून धावत असतात. वर बसवलेला कॅमेरा प्रत्येक झाकणाचे छायाचित्र घेतो, त्यातला दोष स्वतःच हुडकतो आणि सदोष झाकण हवेच्या झोताने बाजूला उडवले जाते. हे सारे दूरच्या खोलीतील पडद्यावर पाहता येते. एका झाकणाभोवती लाल चौकट उमटली. आम्हाला तर ते निर्दोष दिसत होते.

"अरे, तुझ्या यंत्राला चाळिशी लागलेली दिसते!"

भाचा हसला. "मामी, तुम्ही पाहताय ते कॅमेऱ्यानं पाहिलेलं नाही. त्याची ती लहान केलेली प्रत आहे."

मग त्याने हिशेब मांडला. कॅमेऱ्याचे चित्र १६०० गुणिले १२००, म्हणजे १९ लाख २० हजार बिंदूंचे. कृष्णधवल चित्रात बिंदूला एक बाइट धरली, तर एक चित्र सुमारे १.९ मेगाबाइटचे होते. सेकंदाला दहा चित्रे म्हणजे १९ मेगाबाइट. आणि १०० मेगाबिटच्या जाळ्यातून सेकंदाला फार तर १२.५ मेगाबाइट जातात. म्हणून पडद्याकडे जाणाऱ्या चित्राची लांबी-रुंदी पाव केलेली होती. बिंदू उरले सोळाव्या हिश्श्याइतके, १ लाख २० हजार. तपासणी मात्र कॅमेऱ्यातच, पूर्ण चित्रावर होते. त्याने 'पाव'च्या जागी 'पूर्ण' निवडले. चित्र अडखळू लागले, कित्येक झाकणे पडद्यावर आलीच नाहीत. पण पुढच्या लाल चौकटीत केसाएवढी भेग स्वच्छ दिसली. शेवटी 'अर्धे' ठेवून त्याने दोन्ही बाजू सांभाळल्या.

"बारीक रेघ आधी जाते, मामा. मोठा आकार शेवटपर्यंत टिकतो."

या वाक्याने आम्ही दचकलो. त्याच दिवसांत आम्ही दोघे महाविद्यालयातील केंद्रावर, संगणकाच्या पडद्यावर उत्तरपत्रिका तपासत होतो. पान सतत वरखाली सरकवावे लागू नये म्हणून ते अख्खे पडद्यावर मावेल इतके लहान करून ठेवण्याची सवय आम्ही लावून घेतली होती. मराठीत बारीक रेघेहूनही बारीक असा एक टिंब आहे: अनुस्वार. तो गेला की 'संत'चा 'सत' होतो, 'मंद'चा 'मद', आणि आदरार्थी 'त्यांनी'चा 'त्यानी'.

दुसऱ्या दिवशी केंद्रावर जाताच हाती असलेली एक उत्तरपत्रिका पूर्ण आकारात उघडली. ज्ञानेश्वरांवरच्या उत्तरात ज्या अकरा चुकांखाली आम्ही लाल रेघा ओढल्या होत्या, त्यांतील नऊ ठिकाणी फिकट पेनाने दिलेला अनुस्वार व्यवस्थित होता. भाषेसाठी कापलेले गुण आम्ही परत दिले. पण आदल्या आठवड्यात सादर केलेल्या उत्तरपत्रिका आम्हाला पुन्हा उघडता येत नव्हत्या. त्यांतील कितीजणांच्या शुद्धलेखनावर आम्ही शेरे मारले होते, ते आठवून उपयोग नव्हता.

चित्र लहान करण्यात मुळात काही पाप नाही. कारखान्यात पाहणारा खोलीत बसतो आणि न्याय करणारा पट्ट्यापाशी असतो. त्यामुळे पाहणाऱ्याचे चित्र कितीही पुसट झाले तरी न्याय बिघडत नाही. आमच्याकडे न्याय करणारेच त्या पुसट पडद्यासमोर बसले होते. पूर्ण पान हाताशी होते, ते मागण्याचे कष्ट तेवढे आम्ही घेतले नव्हते. आणि 'हल्लीच्या मुलांना अनुस्वारसुद्धा देता येत नाही' हे वाक्य त्या आठवड्यात आम्ही चहाच्या वेळी किती सहजपणे उच्चारले होते!

त्याच दिवशी आम्ही आमची चूक नमूद करून, सादर झालेल्या त्या उत्तरपत्रिका फेरतपासणीसाठी पुन्हा उघडून मिळाव्यात, असे पत्र नियामकांना दिले. पत्र हाताने लिहिले. देण्यापूर्वी त्यातले अनुस्वार दोघांनी दोनदा तपासले.