धुऱ्यापलीकडची माणसं

लग्न होऊन वाशीम जिल्ह्यातल्या अनसिंगला आले, तेव्हा पहिली काही वर्षं बाजारात, पाण्यावर, पंगतीत एकच विचारणा व्हायची : "कोनाची सून व्हय?" सासऱ्यांचं नाव सांगितलं की समोरची बाई भावकी, जात, वावर कुठल्या शिवारात, सगळं जुळवून घ्यायची. माझं माहेर पुसदकडचं. रस्ता एकच, पण जिल्हा यवतमाळ. तेवढ्यावरही मी 'तिकडची' ठरले. जिल्ह्यांचं म्हणाल तर वाशीम १९०५ पर्यंत स्वतंत्र जिल्हा होता, मग हा भाग अकोल्यात गेला आणि १ जुलै १९९८ला पुन्हा वेगळा जिल्हा झाला. नवऱ्याच्या शाळेच्या दाखल्यावर अकोला आहे, मुलीच्या दाखल्यावर वाशीम. घर तेच, विहीर तीच. कागदावरच्या ओळखीत म्हणूनच माझा फारसा जीव अडकत नाही.

मला इथली केलं ते निंदणाच्या पातीनं. आम्ही पाच-सहाजणी एकमेकींच्या वावरात कामाला जातो. आज तुझं, परवा माझं. जाती वेगळ्या, मतं वेगळी. एकीला स्वतःचं वावर नाही, तिला आम्ही रोजची मजुरी देतो. सोयाबीनच्या तासांत वाकून काम करताना बोलणं सासूपासून सुरू होतं आणि दुपारपर्यंत कुणालाच न सांगितलेल्या गोष्टींवर येतं.

एका वर्षी ऐन सोंगणीत नवऱ्याला वाशीमच्या दवाखान्यात न्यावं लागलं. भावकी धावून आली. गाडी, पैसे, रात्रीचं जागरण, सगळं त्यांनी केलं. ते ऋण मी मानते. पण इकडे शेंगा तडकायला आल्या होत्या आणि परतीचा पाऊस तोंडावर होता. घरी परतले तर सोयाबीन सोंगून सुडी रचलेली, वर ताडपत्री, तिच्या कडांवर दगड. सोंगणाऱ्यांत शेजारच्या वावरातली बाईही होती. दोन वावरांमधल्या धुऱ्यावरून आमचं बोलणं बंद होतं. तिच्याकडे गेले तर म्हणाली, "धुऱ्याचं धुऱ्याच्या जागी. माल भिजला असता तं लेकरायनं खाल्लं काय असतं?" धुऱ्याचा वाद त्यानंतरही चालला, मोजणी झाली तेव्हाच मिटला.

गोडीगुलाबीची माणसं पुष्कळ भेटतात. भांडण चालू असताना जे आपल्या अडचणीत धावून येतं, ते माणूस मी जवळचं मानते. भावकी असो, बचत गट असो की पक्ष, मी एवढंच पाहते, की आपल्यात नसलेल्यासाठी तिथं कुणी विळा उचलतं का. ज्या गटाला एकत्र राहायला कुणीतरी परकं लागतं, त्यात माझं मन रमत नाही, मग तो माझ्या रक्ताचा का असेना.

यंदा हिंगोलीकडचं एक कुटुंब सालानं राहायला आलंय. त्यांची सून आमच्यासोबत पात धरते. तुमच्याही गावात अशी नवी बाई आली, तर आधी तिला कामाला सोबत न्या. बाकीची चौकशी दुपारी भाकर सोडताना करता येते.