‘बॅकअप ऑफ’ उडवण्याआधी

कोरलड्रॉमध्ये फाईल सेव्ह केली की तिच्या शेजारी आणखी एक फाईल तयार होते. नाव तेच, फक्त सुरुवातीला ‘बॅकअप ऑफ’ लागलेलं. सांगलीतल्या ज्या छापखान्यात मी डीटीपी करतो, तिथल्या डी ड्राइव्हवर कितीतरी वर्षांच्या लग्नपत्रिका, हँडबिलं, सोसायट्यांचे अहवाल आणि फ्लेक्स साठले होते. वर्षाच्या फोल्डरात गिऱ्हाइकाचं फोल्डर, त्यात कामाचं, त्यात ‘प्रूफ’, त्यात ‘फायनल’, त्यातही ‘फायनल न्यू’. जिथे फाईल, तिथे तिचा ‘बॅकअप ऑफ’. ड्राइव्हची पट्टी लाल झाली तेव्हा मालक, म्हणजे आमचे काका, म्हणाले, “ते सगळं डबल आहे. उडवून टाक.”

उडवणं सोपं होतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘डेल’ला ‘स्लॅश एस’ जोडला की आतल्या सगळ्या फोल्डरांतल्या त्या नावाच्या फायली एका फटक्यात जातात. त्या रिसायकल बिनमध्येही सापडत नाहीत, आणि नेमकं तेच मला नको होतं. म्हणून आधी ‘डीआयआर’ला ‘स्लॅश एस’ आणि ‘स्लॅश बी’ लावून नुसती यादी काढली. एका ओळीवर एक फाईल, पूर्ण पत्त्यासकट. ती एक्सेलमध्ये घेतली, नावांतला ‘बॅकअप ऑफ’ काढला आणि उरलेल्या नावाची फाईल त्याच फोल्डरात आहे का, ते ताडून पाहिलं. बहुतेकांची मूळ फाईल शेजारीच होती. ज्यांची नव्हती, त्या पोरक्या फायली बाजूला काढल्या. कामाची तेवढी एकच प्रत उरलेली असणार.

खरी मेख होती ती मूळ फाईल शेजारी असलेल्यांत. प्लेटला किंवा फ्लेक्सवाल्याकडे फाईल पाठवताना मजकूर कर्व्ह करतात. त्यामुळे समोरच्याकडे श्रीलिपीचा फॉन्ट नसला तरी अक्षरं फुटत नाहीत. पण कर्व्ह झालेलं अक्षर म्हणजे नुसता आकार. चुकलेली वेलांटी टाइप करून सुधारता येत नाही. घाईच्या दिवसांत ऑपरेटर कर्व्ह करतो आणि त्याच नावाने सेव्ह करतो. ‘बॅकअप ऑफ’मध्ये मात्र त्याच्या आधीच्या सेव्हचं काम असतं. म्हणजे टाइप केलेला मजकूर कुठे शिल्लक असलाच तर तो तिथेच. कर्व्हनंतर पुन्हा एकदा सेव्ह केलं असेल तर तोही गेला. तारीख किंवा नाव पाहून यातलं काहीच कळत नाही. फाईल उघडूनच बघावी लागते.

एका गावच्या यात्रेची पत्रिका आम्ही दरवर्षी छापतो. तिथी आणि वर्गणीदार बदलतात, मानकऱ्यांची लांबलचक यादी तीच असते. तरीही ती दरवर्षी नव्याने टाइप व्हायची, कारण प्रत्येक जुनी फाईल कर्व्ह केलेली. एका जुन्या वर्षाची ‘बॅकअप ऑफ’ उघडून मानकऱ्यांच्या यादीवर टेक्स्ट टूलने क्लिक केलं, तर चक्क कर्सर आला. काकांना बोलावलं. ते वाकून नावं वाचत राहिले. “अरे, ही कमिटीने ओळ न् ओळ तपासून दिलेली यादी आहे. हिच्यात चूक निघायची नाही.” त्यानंतर ‘उडव’ हा शब्द त्यांनी काढला नाही. गावातल्या माणसाचं नाव पत्रिकेत चुकलं की ते वर्षभर सलतं, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

मग फायली आकारानुसार लावून पाहिल्या. जागा खाल्ली होती ती मोठमोठे फोटो बसवलेल्या फ्लेक्सच्या बॅकअपनी. नुसत्या मजकुराच्या पत्रिका त्यांच्यापुढे काहीच नव्हत्या. म्हणजे जे जपायचं त्याला जागा जवळजवळ लागतच नव्हती! मजकूर जिवंत असलेल्या आणि पोरक्या फायलींच्या नावांतला ‘बॅकअप ऑफ’ काढून शेवटी ‘टेक्स्ट’ जोडलं. हे किचकट काम होतं, पण ते टाळून पुढे जाणं मला पटलं नसतं. उरलेल्या ‘बॅकअप ऑफ’ विंडोजच्या रोबोकॉपी कमांडने बाहेरच्या हार्ड डिस्कवर हलवल्या. ही कमांड फोल्डरांची उतरंड जशीच्या तशी ठेवते, शिवाय २६० अक्षरांहून लांब पत्त्यांवरही अडत नाही. आमच्या ‘फायनल न्यू’च्या आतल्या फोल्डरांत तसे पत्ते निघालेच.

हलवलेल्या फायली काही महिने तशाच ठेवल्या. एकीचीही गरज पडली नाही, तेव्हा काकांना विचारून पुसल्या. कोरलमधलं बॅकअपचं सेटिंग बंद करूया का, असं त्यांनी विचारलं होतं. मी नको म्हणालो. आता कर्व्ह केलेली फाईल वेगळ्या नावानेच सेव्ह करायची, असं आम्ही ऑपरेटरांना सांगितलं आहे. यात्रेच्या पत्रिकेत यंदा फक्त तिथी आणि वर्गणीदार बदलले.