निकाल पेरणीआधीचा

रब्बी ज्वारीच्या वाण-चाचणीचे आकडे माझ्या टेबलावर येतात, तेव्हा संशोधकाला एकच जाणून घ्यायचं असतं: फरक सिग्निफिकंट आला का? मी आधी शेताबद्दल विचारते. उतार कुठल्या अंगाला होता? वरच्या बाजूला मुरूम किती खोलीवर लागतो? गट उताराला आडवे पाडले, की बांधाच्या सोयीने? कडेच्या ओळी वेगळ्या काढल्या का? धान्य नीट वाळवून तोललं ना? परिकल्पना चाचणीचा निकाल बराचसा या उत्तरांतच दडलेला असतो.

समजा आठ वाण आहेत, चार रेप्लिकेशन. गटांचा फरक वजा करूनही प्लॉटाप्लॉटांतलं प्रमाण विचलन हेक्टरी 3 क्विंटल उरलं, तर पाच टक्के पातळीवर सीडी, म्हणजे क्रांतिक फरक, सुमारे 4.4 क्विंटल निघते. नवा वाण अडीच क्विंटल जास्त देऊनही तक्त्यात ‘एनएस’, म्हणजे नॉन-सिग्निफिकंट, पडतं. तेच विचलन दीड क्विंटलवर आणलं की सीडी 2.2 होते आणि तेच अडीच क्विंटल सिग्निफिकंट ठरतात. विचलन तसंच ठेवून हा पल्ला गाठायचा, तर सोळा रेप्लिकेशन लागतील, कारण प्रमाण त्रुटी रेप्लिकेशनच्या वर्गमुळाच्या हिशेबाने घटते. म्हणजे 128 प्लॉट. कोरडवाहू केंद्रावर एवढ्यांना ना माणसं पुरतात, ना एकसारखी जमीन. चाचणी पसरली की हलकी-भारी माती आत शिरते आणि विचलन पुन्हा वाढतं. म्हणून जमीन पाहत फिरून गट आखण्यात गेलेल्या सकाळीला मी फार मानते.

हे शहाणपण जुनं आहे. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर 1919 मध्ये इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात गेले आणि शेतीच्याच आकड्यांवर काम करताना त्यांनी गट, पुनरावृत्ती आणि यादृच्छिक वाटप यांची सांगड घातली. आपल्याकडे ते रुजवलं पानसे आणि सुखात्मे यांच्या 1954 च्या पुस्तकाने. त्यातले सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. पाच टक्क्यांची रेघही फिशर यांनी सोयीची म्हणून धरली होती. वरच्याच उदाहरणात दीड क्विंटल विचलन ठेवून एक टक्क्याची रेघ धरली, तर सीडी तीन क्विंटलवर जाते आणि अडीच पुन्हा एनएस. ‘नवा वाण जास्तच देतो का’ असं एकतर्फी विचारलं, तर 1.9 क्विंटलही पुरतात. पण हा प्रश्न पेरणीआधी लिहून ठेवायचा. आकडे बघून तो बदलायला मी साफ नकार देते.

सगळ्यात टोचतं ते ‘एनएस’चा अर्थ ‘दोन्ही वाण सारखेच’ असा लावणं. सीडी 4.4 असलेल्या चाचणीत अडीच क्विंटलांचा फरक पकडण्याची ताकदच तोकडी होती. उलट अनेक केंद्रांचे, अनेक वर्षांचे आकडे एकत्र केले की पन्नास किलोही सिग्निफिकंट ठरू शकतात. पण एवढंच धान्य जास्त देणाऱ्या वाणाचा कडबा कमी पडत असेल, तर शेतकरी त्याच्याकडे ढुंकूनही बघणार नाही.

म्हणून अहवालात नुसतं एनएस मी ठेवत नाही. शेजारी लिहिते: फरक अडीच क्विंटल, 95 टक्के विश्वास-मर्यादा उणे 1.9 ते 6.9. एवढं वाचल्यावर संशोधक तो वाण मोडीत काढत नाही. पुढच्या रब्बीसाठी जास्त सपाट तुकडा शोधू लागतो.