वादळानंतरच्या वाड्यांमधून

श्रीवर्धन, ११ ऑक्टोबर २०२०

ती. आईस,


ताम्हिणी, माणगाव, म्हसळा करत काल पोचलो. म्हसळ्याच्या पुढे घरांवर निळी-पिवळी ताडपत्री दिसू लागली. ३ जूनच्या निसर्ग वादळाला चार महिने झाले, तरी सगळ्यांच्या घरांवर कौलं-पत्रे चढलेले नाहीत. पण घराबद्दल इथे फारसं कुणी बोलत नाही. बोलतात ते वाडीबद्दल.

वाड्या साफ करायला आलेले आम्ही ज्यांच्याकडे उतरलोय त्या काकांची वाडी बारा गुंठ्यांची. पोफळी, मधूनमधून माड, पोफळींवर मिरीवेल, खाली जायफळ. वादळाच्या दुपारी ताशी शंभराच्या वर वेगाचा वारा सुटला आणि आजोबांनी लावलेली झाडं एकमेकांवर आडवी झाली. इथली रोठा सुपारी ही घराची बँक होती; मुलींची लग्नं त्यावर झाली. नवी पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. काकू म्हणाल्या, "तांदूळ-डाळ लोकांनी पुष्कळ दिली. मधली वर्षं काढायची कशी, ते सांगा."

दिवेआगर, १४ ऑक्टोबर

आई, दिवसभर खोडं उचलली. वरून एकेक सोडवत यावं लागतं. दबून वाकलेलं खोड कापताच उसळतं, म्हणून इथली माणसं आम्हाला करवतीला हात लावू देत नाहीत. आम्ही ओंडके वाहतो, विहिरीतल्या झावळ्या काढतो.

संध्याकाळी ओटीवर मदतीचा हिशेब निघाला. सरकारने फळबागांची मदत हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजारांवर नेली. पण हेक्टर म्हणजे साधारण शंभर गुंठे. श्रीवर्धनच्या काकांच्या वाडीला सहा हजार येतात आणि सफाईची मजुरीच त्याहून जास्त झाली. लोकांनी नेट लावल्यावर झाडागणिक दर ठरला: माडाला २५०, पोफळीला ५० रुपये. इतक्या दाट वाडीला झाडं मोजणंच रास्त, पण उभ्या धरत्या पोफळीचे पन्नास रुपये मला पटत नाहीत. एका हंगामाची सुपारीसुद्धा त्यात भरून निघत नाही.

केळशी, १७ ऑक्टोबर

बागमांडल्याहून फेरीबोटीने बाणकोटची खाडी ओलांडली, वेशवीला उतरलो. दापोलीच्या या किनाऱ्यालाही वादळाने सोडलेलं नाही.

इथे एका वाडीत पावसाळ्यात कुणी प्रेमाने दिलेली पोफळीची रोपं पाहिली. पानं करपलेली. कोवळ्या पोफळीला ऊन सोसत नाही. पूर्वी थोरल्या झाडांखाली ती आपोआप वाढायची. आता सावलीच गेली. म्हणून जाणते लोक आधी केळी लावतात, केळीच्या आडोशाला रोप. जायफळाची जी झाडं वाचली, तीही उघडी पडून सुकताहेत. आणि उन्हाळ्यात शिंपणं चुकलं तर सगळंच जाईल.

तेव्हा सोसायटीत जमवलेले कपडे पाठवू नकोस, इथे पुरेसे पडून आहेत. त्याऐवजी पैसे जमव: केळीच्या मुनव्यांना, पाइपांना आणि येत्या मे महिन्यापर्यंत शिंपायला येणाऱ्या गड्याच्या मजुरीला. मामाला विचार, मार्केट यार्डात जुना पण चालू डिझेल पंप मिळेल का. वीज गेली की इथली विहीर असून नसल्यासारखी. आणि पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षीही द्यावं लागेल, हे देणाऱ्यांना आत्ताच सांगून ठेव.

तुझी,
मनू